दुखणं दोघांचं, माहेरी मी एकटीच

"तुमचे मिस्टर कुठे आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "घरी. कडेगावकडं. मी वाईला माहेरी आलेय."

"मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा?"

"तवा बी मी माहेरीच आले होते."

"आणि त्याच्या आधी?"

त्याच्या आधीही तसंच होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. खोलीत त्या, त्यांची नर्स आणि मी, एवढीच माणसं. आई दाराबाहेर बाकावर बसली होती आणि माझे वडील त्याच्याही पलीकडे, रस्त्यावरच्या झाडाखाली उभे होते. बायकांच्या दवाखान्यात शिरायला त्यांना संकोच वाटत होता.

"तुम्हाला सॅल्पिंजायटिस झालाय," बाई म्हणाल्या. "गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बारीक नळ्या असतात. त्यांना सूज आलीय. ही सूज बहुतेक गनोरियाची आहे. आपल्याकडे परमा म्हणतात."

परमा हा शब्द मला माहीत होता. तो वाईट चालीच्या माणसांना होतो, असं मी ऐकलं होतं.  बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि जरा सावकाश म्हणाल्या, "आतला स्राव काचपट्टीवर घेऊन तपासतो, त्यात दर वेळी तो दिसतोच असं नाही. पण तुमचं जाणं-येणं मला जास्त सांगतंय. माहेरी आलात की बऱ्या होता, सासरी गेलात की पुन्हा पडता. म्हणजे मी तुम्हाला बरं करून परत त्याच आजारात पाठवणार. हे दुखणं तुमचं एकटीचं नाही, बाई. पुढच्या वेळी नवऱ्याला घेतल्याशिवाय येऊ नका."

हे साताऱ्यात घडलं. वर्ष सांगायचं तर दुष्काळ सरल्यानंतरचं दुसरं, आणि महिना श्रावण. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

शेवटी मूल झालं का, ते आधीच सांगून टाकते. नाही झालं. ही आशा लावून कुणी वाचू नये. तरी मी लिहिते आहे ते दोन कारणांनी. एक, या आजाराबद्दल बायका बोलत नाहीत, आणि बोलत नाहीत म्हणून तो घराघरांत मुक्कामाला राहतो. दुसरं, माझं आयुष्य त्यानंतर बरं गेलं. कसं गेलं, तेही कुणीतरी सांगायला हवं.

माझ्या वडिलांचं वाईत किराणा दुकान होतं. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. मी सातवीपर्यंत शिकले आणि शाळेतून आले की दुकानात तागडीपाशी बसायची. त्यामुळे जे मोजता येतं ते मोजायचं, आणि जे मोजता येत नाही त्याचा आकडा सांगायचा नाही, अशी सवय लागली. या लिखाणातही जे मला नक्की आठवत नाही ते मी लिहिलेलं नाही.

लग्न झालं ते दुष्काळ पडण्याआधीच्या उन्हाळ्यात. सासरी ऊस आणि हळद. घरात सासू, दीर, आणि आम्ही दोघं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई कामाला वाघ, बोलायला कडक. मालक, म्हणजे माझे यजमान, अबोल. बरे होते. माझ्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही की कधी उपाशी ठेवलं नाही. पण दुसरं वर्ष सरत आलं तशी पाण्याला, शेताला, देवळाला जाताना बायका विचारायला लागल्या. "काय गं, अजून काय न्हाई?" आत्याबाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "झाड चांगलं हाय, फळच धरंना."

हे मी निमूट ऐकायची. पुरुषांनाही कुणीतरी असंच ऐकवत असतं, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दुष्काळानंतरची पहिली हळद निघाली. मालक ती घेऊन सांगलीला गेले. तिथे अडत दुकानात माल उतरवायचा आणि सौदा निघेपर्यंत थांबायचं, अशी रीत आहे. बरोबर गावचे आणखी दोघे-तिघे होते. परत आले ते बरा भाव घेऊन. माझ्यासाठी हिरवं लुगडंही आणलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी मला लघवीला जळजळ सुरू झाली. पांढरं जायचं, त्याला पिवळट रंग आणि वास. मग ओटीपोटात दुखू लागलं, दोन्ही बाजूंनी, चालताना जास्त. ताप आला. आत्याबाईंनी ओवा दिला, शेक दिला. दोन-चार दिवसांत मला उठता येईना, तेव्हा त्यांनी दिराला सांगितलं, "हिला वाईला पोचवून ये."

यात वाईट हेतू नव्हता. आमच्याकडची रीतच तशी होती. पहिलं बाळंतपण जसं माहेरचं, तसंच सुनेचं मोठं दुखणंही माहेरच्यांनी काढायचं. सून आजारी पडली की माहेरी धाडायची, धडधाकट झाली की कुणीतरी जाऊन आणायची. माझ्या आईनेही माझ्या वहिनीला टायफॉईड झाला तेव्हा तिच्या माहेरी, पाचगणीला धाडलं होतं. कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसलं नाही.

वाईच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. आईने भात-मुगाची आमटी करून घातली. ताप उतरला, दुखणं थांबलं. दीर येऊन घेऊन गेले. आणि ज्येष्ठात पुन्हा तेच. तोच वास, तेच दुखणं, तसाच ताप. पुन्हा वाई, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा बरी.

या वेळी परत आले तेव्हा आत्याबाई शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "माह्यारची हवा लय मानवती बया हिला. हितं आली की पोटात दुकतंय, तितं गेली की दुकायचं थांबतंय. पोट हाय का घड्याळ?"

शेजारणी हसल्या. मला रडू आलं, पण एक खरं सांगते, मनात मीसुद्धा तेच म्हणत होते. मला वाटायचं, सासरचं पाणी बाधत असेल. उसाचं काम जड होत असेल. आत्याबाईंनी टोमणा मारताना जे नेमकं बघितलं होतं, तेच डॉक्टरीणबाईंनी साताऱ्यात बघितलं. फरक एवढाच, की बाईंनी त्यावरून पुढचा प्रश्न विचारला.

तोवर घरात दुसरी गोष्ट सुरू झाली होती. कडेगावच्या बाजारात आत्याबाईंना एक लांबचे नातेवाईक भेटले. त्यांची पुतणी सतरा वर्षांची. बोलणं निघालं. "पहिली आजारीच असती, पोटबी पिकंना. आमी काय पहिलीला टाकणार न्हाई, राहील घरात." तुळशीची लग्नं झाली की उरकून टाकू, असं ठरायच्या बेताला आलं. मालकांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. श्रावणात मी तिसऱ्यांदा तापाने फणफणले, तेव्हा मला माहेरी धाडताना माझी ट्रंकसुद्धा बरोबर दिली. आधीच्या दोन्ही वेळी पिशवी दिली होती. ट्रंकेचा अर्थ मला समजला. आप्पांनाही समजला. म्हणून ते मला वाईच्या डॉक्टरांकडे न नेता साताऱ्याला घेऊन गेले.

तिथून परतताना एसटीत आई माझ्याजवळ बसली. पुढच्या बाकावर आप्पा. मी आईच्या कानात सगळं सांगितलं. ती माझ्याकडे आणखी सरकली. मग म्हणाली, "हे तुझ्या आप्पांना सांगायचं कुणी?"

"त्यांना कशाला? जावयाला सांगायचंय."

"पत्र घाल."

"पत्र भावजी वाचतात. मोठ्यांदा. सगळ्या घराला ऐकू जाईल असं."

"मग बोलावून घ्यायचं."

"दवाखान्यासाठी बोलावलं तर कोण येईल? बायकोच्या दुखण्याला नवरा सासुरवाडीला गेला, असं आमच्याकडं कुणी ऐकलं न्हाई. हसतील लोक."

आई चतुर. तिने बोटांवर महिने मोजले. श्रावणानंतर त्या वर्षी अधिक भाद्रपद होता. अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा. तीन वर्षांतून एकदा येणारा. त्यात जावयाला बोलावून अनारसे वाढायचे, वाण द्यायचं, हे तर कुणालाच चुकत नाही.

"जावई दवाखान्याला यायचा न्हाई," आई म्हणाली, "पण अनारशाला येईल."

तोवर डॉक्टरीणबाईंनी माझं औषध सुरू केलं होतं. पेनिसिलिनची इंजेक्शनं. आधी हातावर थोडंसं टोचून बघायचे, पुरळ येतंय का. कारण काही जणांना ते औषध चालत नाही आणि जिवावर बेतू शकतं. मला चाललं. ताप उतरला.

मालक आले. डोक्याला नवा फेटा, हातात आंब्याच्या लोणच्याची बरणी, आत्याबाईंनी दिलेली. माझ्या थोरल्या भावाने थट्टा केली, "या पाव्हणं. तीन वर्सांनी एकदा येताय, अनारसं मोजून खा. न्हाईतर आमाला काय उरायचं न्हाई." ते हसले. जेवण झालं. आईने चांदीचं तबक आणि दिवा वाण दिलं. आणि संध्याकाळी आईनेच सांगितलं, "जा गं, त्यांना घाट दाखवून आण."

घाटावर नेहमीची वर्दळ होती. नदीला पाणी चढलेलं. आम्ही देवळाच्या बाजूला पायरीवर बसलो. मी ठरवलं होतं की वाकडं बोलायचं नाही, बाईंचे शब्द तसेच सांगायचे. तसेच सांगितले. नळ्या, सूज, परमा. हा आजार संबंधातून होतो. एकाला बरं केलं आणि दुसऱ्यात राहिला तर परत येतो.

ते पाण्याकडे बघत होते. मी विचारलं, "आवं, माझ्याकडनं आलेला न्हाई. मग कुटनं आला?"

ते म्हणाले, "सांगलीला."

आणि मग, अबोल माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही, तसं सगळं बाहेर आलं. हळदीचा सौदा लांबला होता. बरोबरच्या एकाने म्हटलं, "दोन वर्सं झाली गड्या तुला. खोट शेतात हाय का बियाणात, ते तरी बघून घे." दुसरा म्हणाला, "न्हाईतर दुसरी करून बी असाच बसशील." हसत हसत त्यांना धंद्यावरच्या बायकांच्या वस्तीत घेऊन गेले. गावी आल्यावर मालकांना जळजळ सुरू झाली. त्यांनी एका कंपाउंडरकडून सुई टोचून घेतली. एकच. जळजळ थांबली.

"थांबली म्हणून मला वाटलं, गेलं," ते म्हणाले. "तुला काय झालंय ते त्याच्यामुळं आसंल, असं डोस्क्यातच आलं न्हाई. खरंच न्हाई गं."

मी त्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते. कारण मलासुद्धा ते सुचलं नव्हतं, आणि मी तर सगळं सोसत होते. पण राग आला. तो किती होता, हे सांगायला माझ्याकडे माप नाही. मी एवढंच म्हणाले, "त्या दोघांच्या शब्दावर तुमी गेलात. आता माझ्या शब्दावर साताऱ्याला चला."

बायकांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर सगळ्या बायका. मधे हे एकटेच, फेटा मांडीवर घेऊन बसलेले. समोर एक पोटुशी म्हातारीबरोबर आली होती. म्हातारी यांच्याकडे निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "काय वो पाव्हणं, कितवा म्हैना?"

सगळा व्हरांडा हसला. मला वाटलं हे आता उठून जातील. पण ते म्हणाले, "आजी, मला ठावं न्हाई, आत बाई सांगतील." म्हातारी आणखीच खूश झाली. त्या हसण्याने माझ्या मनातलं पुष्कळसं ओझं उतरलं, हे मला आज कबूल करायला हरकत नाही.

आत गेल्यावर बाईंनी त्यांना ओरडा दिला नाही. पुरुषांच्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यायला लावली. त्यांच्या काचपट्टीवर आजार स्वच्छ दिसला. आम्हा दोघांची व्हीडीआरएल नावाची रक्ताची तपासणी केली. ती गरमी, म्हणजे सिफिलिस आहे का ते बघायला. दोघांनाही गरमी निघाली नाही. मग दोघांना औषध एकाच वेळी. आधी पेनिसिलिन, वर टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. कॅप्सूल संपेपर्यंत आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत वेगळं निजायचं. बरं वाटलं म्हणून मधे सोडायचं नाही.

"एका सुईनं तुमची जळजळ गेली," बाई त्यांना म्हणाल्या. "आजार नाही गेला. पुरुषाला त्रास थांबला तरी तो आत राहू शकतो. आणि बाईला तर कित्येकदा त्रासच होत नाही, आतल्या आत नळ्या बंद होतात. यांना ताप आला, हे एका अर्थी बरं झालं. निदान दवाखान्यात आल्या."

मी विचारलं, "बाई, लग्नाला दोनच वर्सं झाली होती. आधी मूल न्हवतं, ते कशानं?"

"दोन वर्षं म्हणजे फार नाहीत. पुष्कळांना तेवढी लागतात. कदाचित तसेच थांबला असतात तर दिवस राहिले असते." मग आम्हा दोघांकडेही न बघता त्या म्हणाल्या, "असं मी बऱ्याच घरांत बघते. मूल होत नाही म्हणून नवरा बाहेर जातो. बाहेरून आजार आणतो. आणि त्या आजाराने मूल होणं बंद होतं. मग खरोखरच वांझ म्हणतात."

मालकांनी मान खाली घातली. 'कदाचित' या शब्दाचा हिशोब मी आजपर्यंत मांडलेला नाही. मांडता येत नाही.

औषध संपेपर्यंत हे वाईलाच राहिले. जावई माडीवर, मी खाली आईजवळ. कॅप्सूलबरोबर दूध-दही घ्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. आईला ते पटेना. जावयाला दुधाशिवाय ठेवायचं कसं? ती वाटी घेऊन जिन्यापर्यंत जायची आणि मी ती परत आणायची. शेजारची काकू अंगणातून म्हणाली, "धोंड्याला आलेला जावई घरजावई झाला म्हना की." आई म्हणाली, "व्हय, लय गोड लागलं त्यांना अनारसं." कारण कुणालाच सांगितलं नाही. आप्पांना किती कळलं होतं, ते मला माहीत नाही. ते जावयाशी पावसाबद्दल बोलायचे.

पुन्हा तपासणी झाली. दोघेही आजारमुक्त. आम्ही एकत्रच परत गेलो, ट्रंक घेऊन. आणि मी पुन्हा आजारी पडले नाही. आश्विन गेला, दिवाळी आली, माझं पोट दुखलं नाही. आत्याबाई संशयाने बघायच्या, पण बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. त्या सतरा वर्षांच्या मुलीच्या घरचे मात्र निरोप पाठवत होते.

सूज पूर्ण बसल्यावर नळ्यांचा फोटो काढून घ्या, असं बाईंनी सांगितलं होतं. त्याला हिस्टेरोसाल्पिंगोग्राम म्हणतात. गर्भाशयात एक पातळ औषध सोडतात आणि एक्स-रे काढतात. औषध नळ्यांतून पुढे गेलं तर वाट मोकळी. हे आम्ही सांगलीत केलं, कारण कडेगावहून ते जवळ. दुखतं का, असं विचारणाऱ्यांना सांगते: दुखतं. पाळीत दुखतं त्याहून बरंच जास्त, पण थोडा वेळ. एक्स-रेवाल्या डॉक्टरांनी काच उजेडाकडे धरून दाखवली. उजवीकडची नळी टोकाशी फुगून बंद झाली होती. डावीकडे औषध पुढे सरकलं होतं, पण धाग्याएवढं.

फोटो घेऊन पुन्हा साताऱ्याच्या बाईंकडे गेलो. मी विचारलं, शंभरात किती आशा धरायची? बाई म्हणाल्या, "माझ्याकडे खात्रीचा आकडा नाही, म्हणून सांगत नाही. आशा थोडी आहे. आणि दिवस राहिले असं वाटलं आणि पोटात एका बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अशा नळीत गर्भ अडकू शकतो." खोटा आकडा न सांगणारी माणसं मला आवडतात. मी त्यांच्या पाया पडले.

पण परतताना एसटीत मी एक हिशोब केला, आणि तो अगदी सरळ होता. हे आता बरे झाले होते. तपासणीत त्यांच्यात दुसरा काही दोष निघाला नव्हता. दुसरी केली असती तर यांना मूल झालं असतं. मला होण्याची आशा थोडी. हे मला कळलं तसं त्यांनाही कळलं असणार. ते खिडकीशी बसून कराड येईपर्यंत बाहेरचा ऊस बघत होते.

दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न. संध्याकाळी अंगणात उसाचा मांडव उभारला होता. मंगलाष्टका झाल्या, चिरमुरे-बत्तासे वाटले, शेजारी गेले. आत्याबाई तुळशीपाशीच बसून म्हणाल्या, "उद्या निरोप धाडायचाय त्यास्नी. काय सांगू?"

माझ्या हातात बत्ताशांचं ताट होतं. मी ते धरून तशीच उभी राहिले.

मालक म्हणाले, "न्हाई म्हनून सांग."

"आन् पोर? वंश?"

"आई, हिच्यात खोट न्हवती. रोग मी आणला, सांगलीस्नं. हिच्या पोटातली वाट मी बंद केली."

आत्याबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. दीर उठून गोठ्याकडे निघून गेले.

"आरं, पण आता तू बरा हायस नव्हं?" आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनीही माझाच हिशोब केला होता, आणि माझ्याहून लवकर.

"हाय."

"मग?"

"मग काय? वाट मी बंद केली, आन् सवत हिच्या उरावर? हे मला जमायचं न्हाई. तू धाड निरोप."

आत्याबाई उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटांना गुंडाळत, सोडत बसल्या. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताट खाली ठेव. हात दुकत्याल." एवढंच. माफी वगैरे कधी मागितली नाही, आणि मीही वाट बघितली नाही. पण माझं पोट म्हणजे घड्याळ, हे वाक्य पुन्हा त्या घरात ऐकू आलं नाही. मुलीकडच्यांना त्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं.

त्या मुलीचं पुढे जवळच्याच गावी लग्न झालं. दोन-तीन वर्षांनी ती मला कडेगावच्या बाजारात दिसली, कडेवर मूल घेऊन. मला ओळखत नव्हती. मी तिच्या पोराच्या हातात एक खारीक ठेवली. ती म्हणाली, "मावशीला राम राम कर." त्या श्रावणात माझ्या ट्रंकेबरोबर जो बेत निघाला होता, तो तसाच पार पडला असता, तर यांचं औषध न होताच ती आमच्या घरात आली असती, आणि पुढच्या वर्षी तीही तापाने फणफणत माहेरी निघाली असती. हे तिला कधी कळणार नाही. नाही कळलं तेच ठीक.

आम्हाला मूल झालं नाही. पहिली काही वर्षं दर महिन्याला वाट बघितली. मग बघायची थांबले, पण कुठल्या महिन्यात थांबले ते मला सांगता येणार नाही. हळद, ऊस, दोन म्हशी, दिराची मुलं, यांत दिवस भरलेले होते. पोटात दुखत नव्हतं, ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याचं दुखलंय त्यालाच कळतं. मालक नंतरही हळद घेऊन सांगलीला जायचे, आणि मी बरोबर जायची. अडत दुकानात मी तागडीकडे बघायची आणि हे चहा आणायचे. लोक हसायचे. हसू द्यावं.

आता औषधं बदलली आहेत. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारावं, माझ्या लिखाणावरून घेऊ नये. बदललं नाही ते एवढंच: हे दुखणं एका अंथरुणातल्या दोघांचं असतं, आणि एकाला बरं करून काही होत नाही. बरं वाटलं तरी औषध पूर्ण घ्यायचं. आणि दोन वर्षांत मूल झालं नाही म्हणून कुणी कुणाला कुठे घेऊन जाऊ नये.

ज्या बाईंनी मला तो प्रश्न विचारला, त्या पुढे बदलून गेल्या. त्यांचे उपकार मी फेडू शकले नाही. पण एक दिवस जरासे फेडल्यासारखे झाले, आणि ते माझ्या हातून नाही.

शेजारच्या घरातली नवी सून आजारी पडली होती. ओटीपोटात दुखणं, ताप. तिची सासू आमच्या अंगणात उभी राहून सांगत होती, "सकाळच्या गाडीनं माह्यारी धाडते. काढतील तिची माणसं दुकणं." आत्याबाई तेव्हा खूप थकल्या होत्या, उन्हात बाजेवर पडून असायच्या. डोळे मिटलेलेच होते. तशाच म्हणाल्या, "पोराला बी धाड संगट."

"पोराला? त्याला काय धाड भरलीया?"

"ते तितली डॉक्टरीणबाई बघंल. तू धाड."

"आवं, लोक हसत्याल की."

"हसत्यात," आत्याबाई म्हणाल्या, आणि डोळे उघडून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आमाला बी हसलं. हसून झाल्यावर सून घरी आली, ती पुन्यांदा आजारी पडली न्हाई."